बिएनवेनिदो मिस्टर मार्शल : पाहुणे येणार म्हणून अख्ख्या गावाने वेष बदलला

परवा रात्री हा सिनेमा दुसऱ्यांदा बघितला आणि लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून लिहितोय. १९५३ चा स्पॅनिश सिनेमा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम सव्वा तासाचा, दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा. नावाचा अर्थ सरळ आहे, या या मार्शलसाहेब, स्वागत आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नुसता हसलो होतो. दुसऱ्यांदा हसलोच, पण शेवटच्या दहा मिनिटांत घशात काहीतरी अडकलं ते अजून तिथेच आहे.

गोष्ट एका ओळीत सांगता येते. वियार देल रियो नावाचं मध्य स्पेनमधल्या कास्तिया प्रांतातलं एक छोटंसं गाव, तिथे एक दिवस सरकारी साहेब येतो आणि सांगतो की मार्शल प्लॅनवाले अमेरिकन तुमच्या गावावरून जाणार आहेत, जंगी स्वागत करा. झालं. अमेरिकन येणार म्हणजे काहीतरी देणारच, मग त्यांना खूष करायला पाहिजे, मग त्यांना काय आवडतं ते शोधायला पाहिजे, आणि असं करता करता सगळं गाव स्वतःचं रूप टाकून भलत्याच प्रांताचं रूप घेतं, तेही उधारीवर. पुढचं सांगतोय, कारण हा सिनेमा शेवट माहीत असला तरी एक इंचही कमी होत नाही, पण ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबून सिनेमा बघून यावं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर अर्धी मजा जाते. जॉर्ज मार्शल हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, त्यांनी जून १९४७ मध्ये हार्वर्डला भाषण केलं आणि त्यातून युद्धाने मोडलेल्या युरोपला उभं करायची योजना निघाली, सोळा देश त्यात आले आणि साधारण १३ अब्ज डॉलर वाटले गेले. स्पेन त्यात नव्हता. फ्रँकोची हुकूमशाही, युद्धाच्या काळातली हिटलर-मुसोलिनीशी जवळीक, त्यामुळे १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तर माद्रिदमधले राजदूतच परत बोलवा म्हणून सांगितलं होतं. आणि देशात काय अवस्था, तर १९३९ मध्ये यादवी संपली तरी रेशन कार्डं १९५२ पर्यंत चालू होती. म्हणजे हा सिनेमा ज्या प्रेक्षकांसमोर लागला त्यांना आदल्या वर्षापर्यंत पाव मोजून मिळत होता, आणि शेजारच्या फ्रान्सला, इटलीला ट्रॅक्टर आणि गहू मिळतोय हे त्यांना माहीत होतं. आता त्या लोकांच्या जागी बसून बघा की पडद्यावर एक माणूस येऊन सांगतोय, अमेरिकन येतायत.

सुरुवात मला प्रचंड आवडते. एक एसटीसारखी खटारा बस गावात शिरते आणि फेर्नांदो रेयचा आवाज आपल्याला गाव दाखवायला लागतो, एकदम घरच्या माणसासारखा, हे चर्च, हे कॅफे, ही शाळा, आणि मधेच हा निवेदक चौकातली माणसंच गायब करतो, म्हणतो जरा बाजूला व्हा, आधी गाव बघू दे, मग चौक रिकामा. मग एकेकाला परत आणून ओळख करून देतो. शाळेत भिंतीवर जो नकाशा आहे त्यात अजून ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य आहे. ते साम्राज्य १९१८ ला संपलं! मला हा सिनेमाभरातला सगळ्यात नेमका तपशील वाटतो, एका सेकंदात कळतं की या गावाला जगाची शेवटची बातमी कधी मिळाली असेल. मुलं तोच नकाशा पाठ करतायत.

सरपंच म्हणजे मेयर दोन पाब्लो, पेपे इस्बेर्तने केलाय, आणि काय माणूस आहे हा. बुटका, कानाने कमी ऐकू येणारा, आवाज असा खरखरीत की घशात वाळू भरलीय की काय. गावातलं कॅफे त्याचं, हॉटेल त्याचं, बस त्याची, जवळजवळ गावच त्याचं. जुन्या काळचा जहागीरदार जसा असेल तसा, फक्त याच्या हातात तलवारीऐवजी कॅफेचा गल्ला आहे. मध्ययुग कुठे गेलेलं नाहीये, नुसता कोट बदललाय, आणि हे बेर्लांगा एकदाही तोंडाने सांगत नाही, फक्त कोणाच्या मालकीचं काय ते दाखवतो.

गावात एक दोन लुइस पण आहे, हिदाल्गो, म्हणजे जुन्या खानदानी घराण्यातला शेवटचा माणूस, खिशात दमडी नाही पण भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी आणि एक तलवार. हा अमेरिकनांच्या स्वागताला कडक विरोध करतो. का, तर त्याचे पूर्वज समुद्र ओलांडून त्या भूमीवर गेले होते आणि तिथल्या लोकांनी त्यांना मारलं खाल्लं, तर आता त्यांच्यापुढे हार घेऊन उभं कशाला राहायचं. त्याच्या डोक्यात अमेरिका म्हणजे अजून सोळाव्या शतकातलीच. पाद्री दोन कोस्मे आहेत, त्यांना वेगळीच काळजी, तिकडे प्रोटेस्टंट किती, घटस्फोट किती, पापं किती. शाळेच्या बाई एलोइसा सभेत अमेरिकेची माहिती सांगायला उभ्या राहतात, इतके टन लोखंड, इतकं धान्य, आणि पाद्री त्यांच्यानंतर तशाच आकड्यांत तिथली पापं मोजतात. गावकरी दोन्ही तितक्याच लक्ष देऊन ऐकतात, हे भारी आहे.

आता मुख्य गंमत. त्याच वेळी गावात मानोलो नावाचा एक एजंट आलेला असतो, गाणारी पोरगी कार्मेन वार्गास हिला घेऊन, कॅफेत कार्यक्रमासाठी. हा म्हणतो मी बॉस्टनला राहिलोय, मला अमेरिकन माहितीयत, त्यांना स्पेन म्हणजे आन्दालुसिया पाहिजे. म्हणजे पांढऱ्या भिंती, खिडकीत कुंड्या, जाळीच्या खिडक्या, रुंद काठाच्या टोप्या, ठिपक्यांचे झालरवाले घागरे, गिटार, बैलांची झुंज. यातलं एकही या गावात नाही, कारण हे गाव कास्तियातलं आहे, दगड आणि मातीचं, थंड आणि रुक्ष, दक्षिणेकडच्या त्या उबदार प्रांतापासून शेकडो किलोमीटर लांब. पण कोणी म्हणत नाही की आपण असे नाही. कपडे मागवले जातात, घरांपुढे खोट्या भिंती उभ्या राहतात, शेतकरी पोटावर घट्ट पट्टे बांधून चालायची प्रॅक्टिस करतात, आणि सगळे मिळून स्वागतगीताची तालीम. ते गाणं इतकं चिकट आहे की दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

(शूटिंग खरोखर माद्रिदच्या उत्तरेला ग्वादालिक्स दे ला सिएरा या गावात झालंय, आणि पडद्यावर ते कळतं, ती माती, ते चेहरे सेटवर बनत नाहीत.)

बाल्कनीचा सीन तर स्पेनमध्ये लोकांना तोंडपाठ आहे म्हणतात आणि का ते बघितल्यावर कळतं. मेयर टाउन हॉलच्या बाल्कनीत उभा, खाली सगळं गाव, आणि तो सांगायला लागतो की मी तुमचा मेयर आहे म्हणून मी तुम्हाला खुलासा देणं लागतो, आणि देणं लागतो म्हणून देणार आहे, आणि तो खुलासा जो मी देणं लागतो... असं गोल गोल गोल, खुलासा काही येत नाही. मग मानोलो माइक घेतो आणि लोकांना फुलवतो. १९५३ च्या स्पेनमध्ये बाल्कनीत उभं राहून बोलणारा नेता म्हटलं की कोण डोळ्यासमोर येत असेल ते सांगायला नको, आणि तरी हे सेन्सॉरमधून सुटलं, कारण वरवर बघितलं तर एक बहिरा म्हातारा बडबडतोय एवढंच आहे.

आणि मग ती रांग. गावकऱ्यांना सांगितलं जातं की प्रत्येकाने एकच वस्तू मागायची, टेबल मांडलंय, वही उघडलीय, नाव सांगा आणि काय पाहिजे ते सांगा. लोक टोपी हातात धरून उभे. काहींना ठरवताच येत नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलंय की तुला काय पाहिजे. इथे बेर्लांगा कोणाचीही टर उडवत नाही आणि म्हणूनच हा सिनेमा मला इतका आवडतो. व्यंग आहे, पण त्याचा नेम गरजू माणसावर नाही.

आता स्वप्नं, ज्यासाठी खरं तर हा सगळा लेख लिहायला घेतलाय. अमेरिकन यायच्या आदल्या रात्री गाव झोपतं आणि निवेदक आपल्याला चौघांच्या स्वप्नात नेतो.

पाद्रीचं स्वप्न पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीने सुरू होतं, ते टोकदार टोप्यांचे बुरखे, जे स्पेनमध्ये शेकडो वर्षं प्रायश्चित्त घेणारे घालत आलेत. मग त्या मिरवणुकीत जॅझ शिरतं, आणि तेच बुरखे बघता बघता कु क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी टोळीचे होतात, पाद्रीला धरून कोर्टात उभं करतात, लांब लांब सावल्या, वाकडे कॅमेरा अँगल, अगदी अमेरिकन क्राइम फिल्मसारखं. ते कोर्ट म्हणजे एकीकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट, जे स्पेनमध्ये १४७८ ला सुरू झालं आणि पार १८३४ ला बंद झालं, आणि दुसरीकडे त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये कम्युनिस्ट शोधत बसलेली ती संसदीय समिती. दोन्ही एकाच चौकटीत! एका पाद्रीला आपल्याच धर्माच्या जुन्या कोर्टाची भीती वाटतेय आणि ती भीती इंग्रजी बोलतेय.

दोन लुइसचं स्वप्न म्हणजे जहाज, चिलखत, झेंडा रोवणे, मुद्दाम पुठ्ठ्याचा वाटेल असा सेट. त्या काळात स्पेनमध्ये सरकारी आशीर्वादाने असे भव्य ऐतिहासिक सिनेमे निघत होते, राजे, राण्या, कोलंबस, आपण केवढे थोर होतो वगैरे, आणि बेर्लांगा तीच भाषा उचलतो आणि शेवटी हिरोला हंड्यात शिजायला घालतो. मेयरचं स्वप्न सरळ वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा, सलून, तो शेरीफ, कार्मेन गातेय, मानोलो बदमाश, आणि सगळे जे इंग्रजी बोलतात ते इंग्रजी नाहीच, नुसते तसे आवाज आहेत. सबटायटलवाल्यांनी तिथे काही लिहिलं नाही ते बरं केलं. मेयरला स्वतःच्या स्वप्नातली भाषा येत नाही, तरी तो तिथला राजा आहे.

चौथं स्वप्न हुआन नावाच्या शेतकऱ्याचं. विमान येतं, त्यात तीन राजे, म्हणजे स्पेनमध्ये ६ जानेवारीला मुलांना भेटी आणणारे ते तीन राजे, आणि ते पॅराशूटने ट्रॅक्टर खाली सोडतात. ही फ्रेमिंग अगदी सोव्हिएत सिनेमासारखी, आभाळ मोठं, माणूस खालून घेतलेला, ट्रॅक्टर जमीन फोडत निघतो. हसू येतं आणि लगेच वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं ते हे. या चौघांच्या स्वप्नात जे आहे ते सगळं त्यांच्या घरचं जुनं आहे, धर्म, घराणं, सत्ता, जमीन. पण स्वप्न पडतंय ते सिनेमाच्या भाषेत, आणि त्यातही दोघांचं हॉलिवूडच्या. गाव अजून नांगराने शेत करतंय पण डोक्यात प्रोजेक्टर बसलाय. अमेरिकन गाडीतून यायच्या आधीच ते झोपेत शिरलेत. कपडे आन्दालुसियाचे घातले ते फक्त वरून दिसणारं वेषांतर, खरं वेषांतर आधीच आत होऊन गेलंय. परक्यांच्या प्रभावावर मी बरेच सिनेमे बघितलेत, त्यात परका माणूस येतो, राहतो, लुटतो. इथे परका माणूस अख्ख्या सिनेमात एकदा पण दिसत नाही. त्याची सावली सुद्धा नाही. तो येणार एवढ्या बातमीवर सगळं घडतं.

सकाळ होते. सगळे नटून रस्त्याच्या दुतर्फा, बँड तयार, पताका, मेयर भाषण घेऊन. लांबून धूळ दिसते. मोटारी येतात, एकामागून एक, सुसाट, आणि निघून जातात. थांबत नाहीत. वेग पण कमी करत नाहीत. धूळ खाली बसेपर्यंत रस्ता रिकामा.

मग उधारी. कपड्यांचे, भिंतींचे, सगळ्याचे पैसे द्यायचेत. आणि पुन्हा तोच चौक, तेच टेबल, तीच रांग, फक्त आता लोक मागायला नाही, द्यायला उभे आहेत. कोणी घरातलं काय, कोणी काय. ज्याने सुरुवातीपासून विरोध केला, ज्याचा या तमाशात काही हात नव्हता, तो दोन लुइस येतो आणि पूर्वजांची तलवार टेबलावर ठेवतो. काही बोलत नाही. मला वाटतं त्या एका कृतीत त्या माणसाची खरी खानदानी आहे, ती तसबिरींमध्ये नव्हती. आणि मग पाऊस, आणि गटाराच्या पाण्यातून वाहत जाणारा छोटा कागदी अमेरिकन झेंडा.

याच झेंड्यावरून फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये राडा झाला. १९५३ च्या फेस्टिव्हलच्या ज्युरीत हॉलिवूडचा नट एडवर्ड जी. रॉबिन्सन होता, त्याला हा शॉट अपमानकारक वाटला आणि त्याने आक्षेप घेतला. त्यात प्रसिद्धीसाठी निर्मात्यांनी कलाकारांचे चेहरे छापलेल्या खोट्या डॉलरच्या नोटा वाटल्या होत्या, त्याचीही भानगड झाली. तरी सिनेमाला तिथे विनोदी चित्रपटाचं बक्षीस मिळालंच. मला स्वतःला रॉबिन्सनचं म्हणणं पटत नाही, झेंडा तिथे कोणी फेकलेला नाही, तो स्वागतासाठी गावकऱ्यांनीच प्रेमाने आणलेला होता, पाऊस आला आणि वाहून गेला.

अजून एक गोष्ट आहे, ती कळल्यावर मी थक्क झालो. सिनेमा एप्रिल १९५३ मध्ये लागला, आणि २६ सप्टेंबर १९५३ ला फ्रँको सरकार आणि अमेरिका यांच्यात माद्रिद करार झाला. अमेरिकन खरंच आले! मदत आली, आणि बदल्यात तोरेहोन, सारागोसा, मोरोन आणि रोता इथे लष्करी तळ. १९५९ च्या डिसेंबरात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः माद्रिदला उतरले आणि रस्त्यावर स्वागताला गर्दी होती. म्हणजे बेर्लांगाने जे चेष्टेत रंगवलं ते सहा महिन्यांत कागदावर आणि सहा वर्षांत रस्त्यावर उतरलं.

सिनेमा बनला कसा तेही ऐकण्यासारखं आहे. निर्मात्यांना हवा होता गाण्यांचा लोकप्रिय सिनेमा, लोलिता सेविया या गायिकेला घेऊन, आन्दालुसियन ढंगाची गाणी पाहिजेत ही अटच होती. बेर्लांगाने पटकथा लिहिली हुआन आन्तोनियो बार्देम (नट हावियर बार्देमचा काका) आणि नाटककार मिगेल मिहुरा यांच्यासोबत, आणि या लोकांनी ती अटच कथेत घातली. तुम्हाला आन्दालुसिया पाहिजे ना, घ्या, सगळं गावच आन्दालुसिया होईल. निर्मात्याची मागणी पूर्ण झाली आणि त्या मागणीवरच सिनेमा झाला, अशी हुशारी फार कमी वेळा बघायला मिळते.

न आवडलेलं पण सांगतो. कॅफेतली गाणी लांबतात, पहिलं ठीक, पुढच्या वेळी मला घड्याळ बघावंसं वाटलं, सव्वा तासाच्या सिनेमात ते जाणवतं. शाळेच्या बाईंवर अन्याय झालाय, इतकी हुशार व्यक्तिरेखा, रांगेत वही घेऊन बसवली आणि मग सोडून दिली, चारही स्वप्नं पुरुषांचीच. आणि दोन लुइसच्या स्वप्नातले आदिवासी आज बघताना खटकतात, तिथे थट्टा सरकारी सिनेमांची आहे हे मान्य, पण त्या लोकांच्या वाट्याला नुसता हंडा आला.

बघायचा असेल तर साफ केलेली प्रिंट मिळाली तर तीच घ्या, जुन्या कॉपीत स्वप्नांमधल्या सावल्या सगळ्या काळ्या चिखलासारख्या दिसतात आणि निवेदकाचा आवाज फुटतो. सबटायटल लागतीलच, कारण संवाद भराभर येतात आणि मागे गर्दीतली माणसं जे पुटपुटतात त्यात पण जोक आहेत. मी पहिल्यांदा पुढच्या माणसांकडे बघत होतो, दुसऱ्यांदा मागच्या. शेवटच्या रांगेत एक एक चेहरा बघा, प्रत्येकाने आधी काय मागितलं होतं ते आठवत बघा. मी तर तो भाग थांबवून थांबवून बघितला.

माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा एलोइसाबाईंच्या न दाखवलेल्या स्वप्नासाठी.